सवाष्णीची भूक

आमचे सात दिवसांचे गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून मी मागच्या दाराने घरात शिरत होते, तेव्हा शेजारच्या काशीबाईंच्या खिडकीतून बांगड्याच्या तिखल्याचा वास आला. तिरफळं घातलेला, आमसुलं घातलेला. श्रावणापासून आमच्या जामसंड्यात माणसं डाळी आणि भाज्या गिळत ज्याची वाट बघतात तो वास. मी पायरीवर थांबले. सवयीनं थांबले. आणि काही झालं नाही. तोंडाला पाणी सुटलं नाही, पोटात हललं नाही, पाय त्या खिडकीकडे वळले नाहीत. शेजारी कोणीतरी रेडिओ लावलाय हे जसं कळतं तसा तो वास मला नुसता कळला. मी पुन्हा एकदा नाक भरून ओढून घेतला, म्हटलं चुकून झालं असेल. तरी नाही. "काय गो अनुजा, दोन भाकऱ्या तुझ्या पण थापू?" काशीबाई आतून ओरडल्या. नको म्हटलं. तशा पिठाच्या हातानं त्या खिडकीशी आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "बांगड्याक नको म्हणतंस? तू?" मी हसून आत गेले, दार लावलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून चक्क रडले. आता बांगडा नको वाटला म्हणून कोणी रडतं का? पण मी रडले. घरातलं एखादं माणूस न सांगता निघून गेलंय, आणि आपल्याला ते इतक्या दिवसांनी, शेजारणीनं विचारल्यावर कळावं, असं काहीतरी मला वाटलं.

कारण मी खाणारी बाई होते. खाणारी म्हणजे खाणारी. लग्नाच्या पंगतीत वाढपी माझ्यासमोर हातातलं भांडं जरा जास्त वेळ धरत, आणि मला त्याची लाज कधी वाटली नाही. लाज वाटायची ती ब्लाउजपीस घेताना, एसटीत शेजारची बाई अंग चोरून बसली की, आणि डॉक्टरांकडच्या त्या मेल्या वजनकाट्यावर. जेवताना कधीच नाही. मग साखर वाढली, गुडघे गेले, जिना चढताना मधल्या पायरीवर कुणाशी तरी बोलायचं निमित्त करून थांबावं लागायला लागलं. घोरण्याला कंटाळून जितेंद्र, माझा नवरा, बाहेरच्या खोलीत झोपायला गेला, आणि एकदा पाणी प्यायला आत आलेला असताना माझा झोपेतला श्वास मध्येच बंद पडलेला त्यानं पाहिला. तो तसा घाबरट नाही, पण त्या दिवसापासून पुन्हा आत झोपायला लागला, आणि झोपायचा कसला, ऐकत पडायचा. शेवटी भक्तीनं, म्हणजे माझ्या ताईच्या मुलीनं, सावंतवाडीच्या एक डॉक्टरीणबाई शोधून काढल्या, आणि आंब्याच्या दिवसांत माझी वजन उतरवायची ती सुई सुरू झाली. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, पोटाच्या चिमटीत. मुंगी चावते त्याहून कमी दुखतं. पहिले काही आठवडे मळमळलं, ढेकर आले, मग तेही थांबलं. आणि देवगडच्या हद्दीत राहून अख्खा मोसम मी हापूस न खाता काढला. माजघरात पेंढ्यावर आंबे पिकत होते, घरभर दरवळ, जितेंद्र फोड पुढे करून म्हणायचा, "अगो, चाख तरी." चाखली. गोड होती. उरलेली त्याच्या ताटात ठेवली. त्यानं ती खाल्ली, पण नेहमीसारखी नाही, कुणाच्या तरी घरी पाहुणा गेल्यासारखी, खाली बघून.

वजन उतरलं, खोटं कशाला बोलू. साखर उतरली, श्वास अडकायचा थांबला. कॉलेजच्या पोरांच्या झेरॉक्स काढता काढता मी आता खुर्ची न शोधता तासन्‌तास उभी राहते. पण आमच्याकडे जाड बाईला कोणी काही विचारत नाही, बारीक झालेल्या बाईला मात्र सगळा गाव विचारतो. "बरां नाय काय तुमका?" "मुंबयक दाखवलात?" एकीनं तर काउंटरवर वाकून हलक्या आवाजात मला जितेंद्रविषयी विचारलं, तो नीट वागतो ना म्हणून. मी म्हटलं, "तो नीट वागता, माझा पोटच नीट वागाक नाय." तिला कळलं नाही. सुईचं मी कुणाला सांगत नव्हते. सांगितलं की लोकांचे दोन चेहरे होतात. एक म्हणतो, म्हणजे फुकटचं बारीक झालीस, मेहनत नाही काही. दुसरा विचारतो, खंय मिळता ती?

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान, पण बोलायला स्पष्ट. पहिल्याच दिवशी मी विचारलं, ही किती दिवस घ्यायची? त्या म्हणाल्या, "चष्मा किती दिवस लावणार?" मी म्हटलं, चष्म्यानं भूक मरत नाही. त्या हसल्या. मग समजावून सांगितलं, मला वाटतं खरंच मनापासून सांगितलं, की लठ्ठपणा हा जन्मभराचा आजार आहे, बीपीसारखा, आणि तो तुमच्या चारित्र्यातला दोष नाही. सुई बंद केली की बहुतेकांचं वजन परत येतं. नुसती सुई म्हणजे उपचार नव्हे, तो उपचारातला एक भाग. जेवणात डाळ-अंडं-मासळी वाढवायची, चालायचं, वजनं उचलायची, नाहीतर चरबीबरोबर अंगातली ताकदही जाते. काहींना पोटाचं ऑपरेशन जास्त टिकतं, त्याचाही विचार करता येईल, त्याचेही त्रास आहेत. घाई नाही, वर्षभरानं बसून ठरवू. "मध्ये खंड पडला तर मात्र मला विचारल्याशिवाय परत टोचायची नाही," असंही बजावलं. मी सगळ्याला मान डोलावली. उठताना विचारलं, "भूक परत येईल?" त्या म्हणाल्या, "सुई थांबवलीत तर येईल. तीच तर अडचण आहे." तेव्हा मला ते उत्तर फार आवडलं होतं. बांगड्याच्या दिवशी तेच वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवत राहिले, पण निराळ्या कानांनी. येईल म्हणाल्या. मेलेली नाही, येईल.

त्याच संध्याकाळी भावोजींचा फोन आला. सत्यवान भावोजी, ताईचे यजमान, कुणकेश्वरला देवळाच्या वाटेवर त्यांचं ओटीचं आणि नारळाचं दुकान आहे. "नवमीक येतलंस मगो?" एवढंच विचारतात ते दरवर्षी, आणि मी येतलंय म्हणते. पितृपक्षातली नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. त्या दिवशी तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालतात. तिच्या आवडीचं रांधायचं, सवाष्णीला पाटावर बसवायचं, आणि ती जेवते ते गेलेलीला पोचतं. ताई गेली त्या वर्षी भावोजींनी भटजींना विचारलं होतं, सख्खी बहीण चालेल काय? भटजी म्हणाले, तिचं गोत्र लग्नात बदललं, खुशाल बोलवा. पण भावोजींनी मला बोलावलं ते गोत्र बघून नाही. त्यांना ताईसारखं जेवणारी बाई हवी होती, आणि तशी जगात मी एकच उरले होते. शेजारणी येतात, दोन वडे मोडतात, डाएट म्हणतात, साडी घेऊन जातात. त्यानं संचिताचं, म्हणजे माझ्या ताईचं, काय होणार? फोनवर ते म्हणाले, "काळे वाटाणे बघून ठेवलंय. तुका आवाडतत तसे बारीक." तुका म्हणाले. तिका म्हणायचं होतं त्यांना. मी फोन ठेवला आणि माझ्या पोटाकडे बघितलं. गप्प होतं ते, शहाण्या मुलासारखं. शिरा पडो त्या सुईवर, मी मोठ्यानं म्हटलं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही दोघी एकाच अंगाच्या, एकाच भुकेच्या. माहेरी आईनं भात उतरवला की टोपाच्या तळाची करपट खरवड कोणाची यावरून आमची मारामारी व्हायची, आणि मारामारी झाल्यावर ती दोघींची व्हायची, एकाच वाटीत, वर तूप आणि मीठ. ताई खाताना बोलायची नाही. डोळे अर्धे मिटायची. मी बोलायचे, ती नुसती माझ्या मांडीवर बोटं वाजवायची, म्हणजे ऐकतेय. लग्नानंतर मी कुणकेश्वरला गेले की आम्ही दुकानामागच्या पडवीत बसायचो, जत्रेतलं गुळाचं खाजं कागदावर घेऊन, समोर माडांच्या मधून समुद्र. भावोजी गिऱ्हाइकाला नारळ सोलून देता देता ओरडायचे, "अगो, माका ठेवा गे दोन!" आम्ही ठेवायचो नाही. मला वाटतं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख ते होतं, आणि ते आठवताना मला ताईचा चेहरा आधी आठवत नाही, खाज्याचा आल्याचा झणका आधी आठवतो, मग त्याच्यामागून ती येते. दुधीचा रस, गरम पाण्यात लिंबू, सकाळचं चालणं, घाटावरच्या कुठल्याशा आश्रमात राहून केलेला उपास, तिनं सगळं केलं. उतरायचं, आणि परत चढायचं, थोडं जास्तच चढायचं. जो तो डॉक्टर तिला जिभेवर ताबा ठेवा म्हणायचा. घरी येऊन ती त्या डॉक्टरची नक्कल करून आम्हाला हसवायची. आषाढातल्या एका सकाळी दुकानात हार अडकवता अडकवता छातीत कळ आली आणि ताई गेली. ह्या असल्या सुया तेव्हा आमच्या बाजूला कोणी ऐकल्याही नव्हत्या. तर मग ती कुठे राहिली होती? फोटोत नाही, तो बघवत नाही मला. साड्यांत नाही, त्या भक्तीनं वाटून टाकल्या. ती राहिली होती माझ्या भुकेत. पोटात कळ उठली, समोर काही गरम आलं, की ती शेजारी येऊन बसायची. आणि मी सुई टोचून टोचून तिलाच घरातून घालवली, असं त्या संध्याकाळी मला स्वच्छ दिसलं. कोणी म्हणेल वेड लागलंय. लागलेलंच होतं.

त्या रविवारी मी सुई घेतली नाही. जितेंद्रला सांगितलं, घेतली. पुढच्या रविवारीही नाही. नवमी त्याच्या दुसऱ्या दिवशी होती. म्हटलं एकदा ताई पोटभर जेवू दे, मग बघू. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मी भुकेची वाट बघत होते, आणि कशी, तर काउंटरवर बसल्या बसल्या मधूनच पोटावर हात ठेवून, गरोदरपणात बाळाची हालचाल बघतात तशी. मुद्दाम काशीबाईंच्या खिडकीखालून जायचे. मुद्दाम सुकटीचं दुकान, मुद्दाम बेकरी. रात्री पातेल्यात उरलेलं निस्त्याक, माशाचं कालवण, बघून मनाला विचारायचे, होयां काय? मन म्हणायचं, नको. एवढं सरळ, एवढं शांत नको माझ्या मनानं माझ्या जन्मात कधी म्हटलं नव्हतं, आणि मला त्याचा राग येत होता. मग एका सकाळी, हॉलतिकिटांच्या झेरॉक्स काढायला पोरींची रांग लागलेली, बाहेर शंकरच्या गाडीवर तेलात वडे पडले, आणि तो चर्र आवाज माझ्या कानातून थेट पोटात उतरला. तोंडाला पाणी सुटलं. हो, सुटलं! मी मशीन तसंच चालू ठेवून बाहेर गेले. शंकर म्हणाला, "वैनी, किती दिसांनी!" उभ्या उभ्या खाल्ला. जीभ भाजली. भाजलेल्या जिभेनं दुसरा खाल्ला. आत रांगेतल्या पोरी ओरडत होत्या, काकू, कागद अडकला, आणि मी गाडीशी उभी, डोळ्यांतून पाणी, मनात म्हणते, इलंस गो, इलंस शेवटी.

दोन दिवस आमच्या घरात सण होता. जितेंद्रनं सरंगे आणले, मी तळले, आम्ही समोरासमोर बसून काटे काढत खाल्ले, आणि तो पूर्वीसारखा बडबडला, तो काम करतो त्या कॅनिंगच्या कारखान्यातल्या गमती, मालकाची नक्कल. "माका आता सांगूक हरकत नाय," तो म्हणाला, "एकट्यान जेवचो कंटाळो इलो होतो माका." मला त्याचा हात धरावासा वाटला, पण हाताला मसाला होता. पण त्या जेवणावरून उठले, भांडी घासली, ओटा पुसला, आणि ओटा पुसता पुसताच डोक्यात सुरू झालं. फ्रीजमध्ये उरलेला तुकडा आहे. डब्यात चिवडा आहे. तो आत्ता नको. मग उद्या. उद्या कशाला. मी जाऊन झोपले, तरी ते चालूच. दुसऱ्या दिवशी दुकानात पैसे परत देताना मी दोनदा चुकले, कारण शंकरची गाडी आज आली का, आली असेल तर वडे संपले का, हे आत कोणीतरी सारखं विचारत होतं. हे असं असायचं हे मी विसरलेच होते. खाज्याचा झणका लक्षात ठेवला आणि हे नेमकं विसरले. तरीही मी मनाला म्हटलं, असू दे. उद्या नवमी आहे. उद्यापुरतं हवंच आहे ते.

कुणकेश्वरला पोचले तेव्हा समुद्र अजून गढूळ होता, पावसाळ्याचा. भावोजींनी माझे पाय धुतले, मला नको नको झालं, पण त्या दिवशी मी मी नसते, तेव्हा पाय पुढे केले. भक्तीनं हळदकुंकू लावलं, ओटी भरली. ती पण ताईच्याच अंगाची, देवगडला बँकेत असते, बोलायला थोडकी. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मावशी, तू आज मांडी घालून बसतेस!" खरंच की. आधीच्या नवम्यांना मला खुर्ची आणि पुढे स्टूल लागायचं. मी पाटावर मांडी घालून बसले, केळीचं पान पुढे आलं, आणि ते एकेक वाढलं जायला लागलं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, भोपळ्याची भाजी, अळू, तांदळाची खीर, आणि कढईतून थेट येणारे वडे, फुगलेले, कडेला लालसर. भावोजींनी कावळ्याचं पान बाहेर ठेवलं, कावळा लगेच शिवला, ते हसत आत आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. मी वडा मोडला, वाफ बोटांना लागली, तो सांबाऱ्यात बुडवला आणि तोंडात घातला. देवा रे. वाटाण्याचा तो भाजलेल्या खोबऱ्याचा दाट रस, आणि डोळे आपोआप अर्धे मिटले. ती आली. माझ्या मांडीला तिची मांडी लागली, शपथ सांगते. "वाढ गो भक्ती, हात आखडू नको," भावोजी म्हणत होते. "बग, वडो मोडता तो पण तसोच. बग गो, तुझी आवस, तुझी आय जेवता." त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ते पुसत नव्हते. मी खात होते. वडा, खीर, पुन्हा वडा. त्यांना बघून खात होते, आणि मग त्यांना न बघता, आणि मग केव्हातरी ताईसुद्धा शेजारी नव्हती, नुसतं पुढचं पान होतं, आणि हात. चव लागायची थांबली होती. पोट ताठ झालं होतं, कमरेला परकराची नाडी रुतत होती, आणि आत ते चालूच होतं, कढईत अजून आहेत, कढईत अजून किती आहेत. भक्ती वडे घेऊन आली ती पानाशी थांबली, आणि वाढेना.

भावोजींनी हात जोडले. सवाष्णीला उठण्याआधी विचारतात तसं त्यांनी विचारलं, पण नाव घेऊन, पहिल्यांदाच नाव घेऊन. "पोट भरला मगो, संचिता?" एका शब्दाचं उत्तर असतं त्याला. भरला म्हणायचं आणि उठायचं. कोणतीही शेजारीण म्हणते. मी तोंड उघडलं, आणि जे खरं होतं तेच बाहेर पडलं. "नाय," मी म्हटलं. "नाय भरला." भावोजींनी जोडलेले हात सोडले. मग घाईनं भक्तीला म्हणाले, "वाढ, वाढ गो, अजून वाढ तिका!" भक्तीनं वड्यांची परात खाली ठेवली, माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि दोन्ही पंजे पसरून माझ्या पानावर ठेवले. खिरीत, सांबाऱ्यात, तसेच. "पुरे," ती म्हणाली. "पुरे, आई."

"अगो, पानार हात घालू नये!" भावोजी ओरडले. "सवाशीण उठाक नाय अजून!" ती हलली नाही. "बाबा, आई कधी भरला म्हणाली होती? एकदा तरी? तुमी दुकानात आसायचात. ती जेवून झाला काय मागच्या पडवीत बसान रडायची. मी बघलंय. म्हणायची, भक्ती, एक दीस, एकच दीस माका ह्या खाणा नको वाटूक होयां. एक दीस देवान माका गप बसवूक होयां." भावोजींनी तोंडावर हात घेतला. मी त्या पंजांकडे बघत होते, ताईचेच पंजे, आखूड बोटांचे. पडवीत. जिथे आम्ही खाजं खायचो त्या पडवीत. मला नेहमी वाटलं ती डोळे मिटते ते चवीनं. मी ज्या भुकेसाठी पंधरवडाभर झुरले, तिच्यातून सुटायला ती माझी बहीण जन्मभर तडफडत होती, आणि तिला जे हवं होतं ते मिळालं मला. सावंतवाडीच्या दवाखान्यात, आंब्याच्या दिवसांत, मुंगी चावल्याएवढं दुखून. तिला जे शांत नको हवं होतं, ते मिळालं म्हणून मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून रडले. "सुई चुकवलंस तू," भक्ती हळू म्हणाली. मी मान डोलावली. "आईसाठी?" मी पुन्हा डोलावली. तिनं ओठ आवळले. "माझा वजन बघतंस मगो? मी पण त्या बाईंकडे जाऊचा ठरवलेला. तुका बघून ठरवलेला." आणि मग ती रडायला लागली, हात पानावरून न उचलता, नाक खांद्याला पुसत.

मी तिची मनगटं धरली आणि एकेक हात पानावरून उचलला. खिरीचे हात, तसेच माझ्या मांडीवर ठेवले, नवीन साडीवर. म्हटलं, उद्या डॉक्टरीणबाईंना फोन लावू, ओरडतील त्या, ओरडू देत. परत खालच्या डोसापासून सुरू करायला सांगतील. तू पण चल. किती दिवस घ्यायची ते आपण त्यांना दोघी मिळून विचारू, आणि जन्मभर म्हणाल्या तर जन्मभर. तिनं मान डोलावली, विश्वास बसल्यासारखी नाही, दमल्यासारखी. मला तेव्हा ताईची इतकी आठवण आली की पोटातली भूक कुठली आणि ती आठवण कुठली हे वेगळं करता येईना. ती तिथे नव्हती. शेजारी नव्हती, मांडीला मांडी नव्हती. ती आता माझ्याकडे अशी कधी येणार नाही, आणि मला ते सोसायला लागणार, सुईसारखंच, दर आठवड्याला. कढईत वडे होते. मला ते हवे होते. मी जमिनीला हात टेकून उठले. भावोजी अजून तसेच बसलेले, घाबरलेले, मेलेली बायको उपाशी उठली म्हणून.

"भावोजी," मी म्हटलं, "तिचा भरला. माझा मी बघतंय."